आज हात कोणाचा?

आमच्या खुशालभाऊंनी स्वतःच्या हाताने बिल्ड सुरू केलेला मी कधी पाहिला नाही. सगळं काम तयार झालं की ते खुर्ची मागे सरकवतात, दोन्ही हात डोक्यामागे घेतात आणि विचारतात, “बोला, आज हात कोणाचा?”

आम्ही दोघं पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर मोहाडीत बसून लिहितो, कापडाच्या दुकानावरच्या खोलीत. या धंद्याची ओळख नसलेल्यांसाठी सांगतो. आम्ही लिहिलेला कोड थेट गिऱ्हाइकाकडे जात नाही. आधी तो दूरच्या एका मशीनवर चढतो, तिथे त्याची बांधणी होते, तपासण्या होतात. सगळं पार पडलं तर पडद्यावर हिरवी खूण येते, कुठे अडलं तर लाल. या सगळ्या खटाटोपाला पाइपलाइन म्हणतात, तिच्या एका फेरीला बिल्ड, आणि तिला बाहेरून ‘चल, लाग कामाला’ असा निरोप धाडायची जी सोय असते, ती एपीआय. खुशालभाऊ हेच चुटकीसरशी सांगतात. “शेतातली मोटर लोक घरून मोबाईलवर चालू करते का नाही? मोटर तिकडे, माणूस इकडे. हे बी तसंच हाय.”

तर या एपीआयला त्यांनी एक बटण जोडलं. ज्याला लिंक पाठवली त्याच्या मोबाईलवर ते उघडतं, एकदा दाबलं की बिल्ड सुरू आणि बटण बाद. “चाबी माह्यापाशी, बटन तुमच्यापाशी.” हे बटण खालच्या चहावाल्याने दाबलंय, बाजाराच्या दिवशी वांगी विकणाऱ्या मावशींनी दाबलंय. एकदा विजेचं मीटर पाहायला आलेल्या माणसाने दाबलं आणि जाताना घाबरत विचारलं, की यात माझं नाव तर कुठे येणार नाही? प्रत्येकाच्या हाताची भाऊंनी प्रत लावलेली. मावशींचा हात थंड, म्हणजे गुणाचा. चहावाल्याचा “चालते, पण सकाळीच.” माझा मात्र पहिल्याच दिवशी जळका ठरला. “तुमी कोड लिवा, भाऊ. दाबाच्या भानगडीत नका पडू.” मला याचा राग येई, खोटं कशाला बोलू?

रागापेक्षा कुतूहल जास्त होतं. हा माणूस मुहूर्त पाहत नाही. मांजर आडवं गेलं तर तिला बिस्किट देतो. बरं, खोलीतला पंखासुद्धा त्यांनी आपोआप चालू-बंद होईल असा करून ठेवलेला. मग कोड चढवला की बिल्डही आपोआप सुरू व्हावा, ही सोय का नको? विचारलं की एकच उत्तर, “हाताले गुण असते, भाऊ.”

शुक्रवारचा मोठा बिल्ड मात्र बाबांचा. बाबा म्हणजे खुशालभाऊंचे वडील. त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं आणि ते पुनर्वसनाच्या नव्या गावात एकटे राहतात. मोहाडीला यायला राजी नाहीत. जुन्या गावात धानाच्या रोवण्याला, म्हणजे भाताच्या लावणीला, रोपांची पहिली जुडी त्यांच्याच हातची लागे. लोक उजाडायच्या आत दारात बोलवायला उभे. नव्या गावात ना शेत, ना बोलावणं. म्हणून शुक्रवारी दुपारी खुशालभाऊ फोन लावत, “बाबा, तुमी हात लावल्याशिवाय इकडे सारं अडून रायलं.” मग बाबा हातपाय धुऊन, टोपी घालून बटण दाबत आणि हिरवं येईपर्यंत मोबाईल खाली ठेवत नसत.

एका शुक्रवारी लाल आलं. तपासणीचं मशीनच बंद पडलं होतं, त्याला कोण काय करणार? खुशालभाऊंनी परोपरीने समजावलं. बाबा म्हणाले, “रोवणा साधला नाही तर पावसाचं नाव सांगता येते. लोक तरी हातच पाह्यते. माह्या हातात आता काही रायलं नाही. दुसऱ्याले सांग.” पुढच्या शुक्रवारी त्यांनी फोन उचलला नाही. त्याच्या पुढच्याही.

खुशालभाऊंनी तो बिल्ड दुसऱ्या कोणाला दिला नाही. मी वांगीवाल्या मावशींचं नाव सुचवलं, तर माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा सांगायला खाली उतरलो. पुण्याहून साहेबांचे फोन वाढले. शेवटी एका सकाळी भाऊ “चला” म्हणाले आणि लॅपटॉप पाठीला लावून आम्ही मोटरसायकलवर बाबांचं गाव गाठलं.

बाबा दाराशी खाटेवर बसले होते. चहा ठेवला, माझी विचारपूस केली, पण बटणाचं नाव काढलं नाही. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. खुशालभाऊंनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

“लोक वाट बघतायत. अडलंय कुठे?”

“ज्याचं काम आहे तो माणूस तयार नाही, सर.”

“मग दुसरा बघा.”

“दुसऱ्याचं काम नाही ते.”

फोन संपल्यावर बाबांनी मला विचारलं, “खरंच अडलं का गा?”

“खरंच अडलंय, बाबा,” मी म्हणालो. त्यात खोटं काहीच नव्हतं.

बाबा उठले, रांजणातलं पाणी घेऊन हातपाय धुतले आणि खुंटीवरची टोपी काढली. बटण दाबल्यावर कपातला चहा गार झाला तरी कोणी उचलला नाही. हिरवं आलं तेव्हा बाबांनी मोबाईल कपाळाला लावला आणि पाणी प्यायला आत गेले.

मी खुशालभाऊंना अंगणात गाठलं. “आज परत लाल आलं असतं म्हणजे?”

“पहाटेपासून घरी तीन-चारदा चालवून पाह्यला न. मंग बाबाले देला.”

“मग तो हाताचा गुण?”

त्यांनी आवाज खाली आणला. “एकट्या बाबालेच मागतलं असतं तर समजलं असतं त्यायले. म्हणून साऱ्या मोहाडीले दाबाले लावलं.”

मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. आमच्यात तशी रीत नाही, म्हणून नुसता उभा राहिलो.

एवढ्यात शेजारची सून कुंपणापाशी आली. तिने नवी शिलाई मशीन घेतली होती आणि आजपासून शिवायला बसणार होती. पदर सावरत तिने आत हाक मारली, “बाबाजी, पुण्याची कंपनी बी तुमचाच हात मागते म्हणते. माह्या मशिनले लावून देता का पहिले?”

मी खुशालभाऊंकडे पाहिलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. हे त्यांनी जुळवून आणलेलं नव्हतं.

बाबा बाहेर आले, टोपी सरळ केली, चपला घातल्या आणि तिच्या मागोमाग निघाले. खुशालभाऊ खाटेवर बसले, लॅपटॉप उघडला आणि मान खाली घालून बराच वेळ काहीतरी वाचत राहिले. लॅपटॉप त्यांनी चालूच केला नव्हता.