मास्तरांची पाठ

खारघरच्या आमच्या सोसायटीत कुकरची शिट्टी कधी व्हावी, हे सबनीस मास्तर ठरवतात. म्हणजे त्यांना तसं वाटतं. गॅलरीत उभं राहून ते समोरच्या बिल्डिंगवर हात उगारतात, डोळे मिटतात आणि शिट्टी झाली की "उशीर!" म्हणून कपाळावर हात मारतात. त्या समोरच्या बिल्डिंगमध्ये मी राहते. पहिल्या दिवशी मी घाबरून गॅसच बंद केला होता.

हसू नका हं. मास्तर परदेशात मोठमोठ्या वाद्यवृंदांचे कंडक्टर होते, म्हणजे श्रोत्यांकडे पाठ करून हाताच्या इशाऱ्यावर सगळ्यांना वाजवायला लावणारे. ऑपेरा, म्हणजे आपल्या संगीत नाटकाचा गोरा चुलतभाऊ, तोही त्यांच्या हातावर चालायचा. व्हिएन्नात म्हणे लोक उभं राहून टाळ्या वाजवत, थांबायचं नावच नाही. आता ते लिफ्टमध्ये शिरले की आम्हाला "श्वास एकत्र!" असं बजावतात आणि बटण दाबतात. आम्ही घेतोही, काय करणार!

गणपतीतली आमची आरती त्यांना सहन होत नसे. बायका एक कडवं पुढे, पुरुष मागे, आणि चेअरमन पाटीलकाकांची झांज तिसरीकडेच. यंदा मीटिंगमध्ये मास्तर म्हणाले, "आरती मी घेतो."

पाटीलकाका इथले मूळचे. आमचे टॉवर आहेत तिथे त्यांचं भात पिकायचं. "घ्या की," ते म्हणाले, "पन तोंड कुठं करनार?"

"गाणाऱ्यांकडे."

"म्हंजे देवाला पाठ? नाय मास्तर. आमच्यात नाय चालत."

आता भांडण पेटणार, असं मला वाटलं. पण मास्तर हळूच म्हणाले, "जन्मभर माझी बायको, मालती, माझ्या पाठीमागे बसली, पहिल्या रांगेत. गाणं ऐकताना तिचा चेहरा कसा होतो, मी पाहिलाच नाही हो. आता ती मला ओळखत नाही, डॉक्टर म्हणून हाक मारते. गाणं मात्र ऐकते. एकदा बघू द्या."

पाटीलकाकांनी उगाच चष्मा पुसला. "उभं ऱ्हावा. देवाला मी सांगतो."

संध्याकाळी मालतीताईंना पहिल्या रांगेत खुर्ची दिली. मास्तरांनी हात उचलला आणि अहो, सगळी सोसायटी एका श्वासात गायला लागली! उदबत्तीचा धूर, समयांचा उजेड, सगळं कसं पाण्यावर तरंगल्यासारखं. मास्तर एकटक ताईंकडे बघत होते. ताई मात्र त्यांच्याकडे, बँकेच्या रांगेत अनोळखी माणसाकडे बघावं तशा बघत होत्या.

आरती संपली. मास्तरांचे हात खाली आले. ते देवाकडे वळले आणि नमस्काराला उभे राहिले.

तेवढ्यात माझ्या शेजारी बांगड्या वाजल्या. मालतीताई टाळ्या वाजवत होत्या. समोरच्या त्या पाठीकडे बघून त्या हसल्या. "अहो, आज फार छान झालं हं. दमलात ना? चला, घरी जाऊ."

मास्तरांचे खांदे गदगदत होते, पण ते जागचे हलले नाहीत.

"मास्तर," पाटीलकाका पुटपुटले, "फिरा की! वैनी बोलावतात."

मास्तरांनी देवाकडे तोंड ठेवूनच मान हलवली. "नको हो. आत्ता कुठे तिला मी दिसतोय."