भाडेकरू देवाचा नवस

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ माझ्या हातून हमखास चुकतं, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीतच सुटली. चारचौघांत बोलायचा मला धीर होत नाही. पण सुभद्रामावशीबद्दल कुणीतरी लिहायला पाहिजे, आणि आमच्या गल्लीत बाकी सगळे नुसते बोलणारे आहेत.

सुभद्रामावशी विनोदी मालिका बघताना हसायची नाही. जाहिराती लागल्या की हसायची.

त्याचं असं आहे. रोज संध्याकाळी एक हिंदी मालिका लागायची. त्यात देव आभाळातून खाली येतो आणि एका कजाग घरमालकिणीच्या माडीवर खोली भाड्याने घेतो. तो देव आहे यावर कुणाचाच विश्वास बसत नाही. नळावर बाया त्याला मागे ढकलतात. पुजारी त्याच्याकडेच देवळाची वर्गणी मागायला येतो आणि पावती फाडताना विचारतो, "नाव काय लिहू?" आमचा सगळा बुधवारा मोहल्ला पोट धरून हसायचा. मावशीच्या घरी मात्र देव पडद्यावर असेपर्यंत हसायला बंदी.

"देवासमोर दात काढायचे नाही," ती म्हणायची.

देव जिन्यावरून घसरला तर ती तोंडात पदर कोंबायची आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत दम धरायची. साबणाची जाहिरात लागली की अशी फुटायची की खाट हलायची. आम्ही शेजारणीही तेव्हाच हसून घ्यायचो. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटत असेल, या बायांना साबणात एवढं काय दिसतं!

मावशी एकटी राहते. केळ्याचे वेफर तळून दुकानांना देते. मालिकेच्या आधी ती हातपाय धुऊन, धुतलेलं लुगडं नेसून बसायची. टीव्हीसमोर वेफरची वाटी ठेवायची. देवाशी बोलायचीसुद्धा. घरमालकीण त्याच्यावर ओरडली की म्हणायची, "ऐकून घे रे बाबा. भाड्याच्या घरात गिळावंच लागते." तो थंडीचा नुसत्या उपरण्यावर बाहेर निघाला तर, "अंगात घाल काहीतरी. हे वैकुंठ नाही."

आमच्या ह्यांनी एकदा तिला छेडलं, "मावशी, तो नट आहे. पैसे घेऊन देव होतो."

"तुम्ही बी पगार घेऊनच कंडक्टर हाय नं, भाऊ? मग तुमचं तिकीट खोटं काय?"

तेव्हापासून हे तिच्या वाटेला गेले नाहीत.

एवढी ही देवाची माणूस, पण खऱ्या देवळात पाऊल ठेवायची नाही. गल्लीच्या तोंडाशीच विठ्ठलाचं देऊळ आहे. तिथून जाताना ती रस्त्याच्या पलीकडून जायची, आणि तेही तोंड फिरवून. मनात अढी असलेल्या नातेवाइकाच्या दारावरून माणूस जातो तशी. विचारलं तर एवढंच सांगायची, "आमचं बोलणं बंद हाय."

माझी रेखा पहिल्या बाळंतपणाला घरी आली, तेव्हा दवाखान्यात मावशीच माझ्यासोबत होती. मुलगी झाली. पण रडली नाही. नर्स तिला उचलून धावतच आतल्या खोलीत गेली. माझ्या तर साधं देवाचं नावही ओठांवर येईना. मावशीने बाकावर बसल्या बसल्या समोरच्या भिंतीला हात जोडले आणि मोठ्याने म्हणाली,

"ऐक रे भाडेकऱ्या. पोरगी रडली पाहिजे. आन् रडून झाल्यावर जगली पाहिजे. म्हातारी झाली पाहिजे. सगळं साफ साफ बोलली मी, मागून बहाणे नको. सव्वा किलो मावा जिलेबी तुले. मंदे, तू साक्षी."

शेजारच्या बाकावरच्या बाईने घाबरून मला विचारलं, "कौन किराएदार?"

तेवढ्यात आतून कापड फाडल्यासारखा आवाज आला. मी रडायला लागले. मावशीने कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "आवाज बिलकुल घरमालकिणीचा हाय."

सव्वा महिना झाला, बाळ-बाळंतीण हिंडाय-फिरायला लागल्या, आणि मावशीला नवसाची घाई झाली. जिलेबी आणली. संध्याकाळी ताट टीव्हीसमोर धरलं, तर नेमकी त्या दिवशी मालिकेत एकादशी. घरमालकिणीने देवालाच उपास करायला लावलेला! मावशीने ताट मागे घेतलं. "माह्या हाताने त्याचा उपास मोडू काय?" ती जिलेबी गल्लीने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी ताजी आणली. पण तो मालिकेचा शेवटचा भाग निघाला. देवाने घरमालकिणीच्या हातात किल्ली ठेवली, तिच्या पाया पडला आणि निघाला. मावशी ताट घेऊन उठली. "थांब, थांब जरा..." तो आभाळात चढला, आणि पडद्यावर नावं सरकायला लागली. मावशी तशीच उभी. आमचे हे दारात होते, त्यांनीच आत येऊन टीव्ही बंद केला.

सकाळी ती माझ्या दारात आली. हातात मिठाईचे दोन डबे. "चाल," म्हणाली. मला वाटलं, ही जिलेबीही गल्लीत वाटायला निघाली. ती सरळ विठ्ठलाच्या देवळात शिरली. पुजारीमहाराज बघतच राहिले.

मावशी देवासमोर उभी राहिली. आधी पदर नीट केला.

"तुमच्या घरचा एक माणूस आमच्याकडे भाड्याने होता," ती म्हणाली. "तो खोली सोडून गेला. त्याचं घेणं आता तुम्हीच घ्या."

एक डबा ठेवला. मग दुसराही ठेवला.

मी हळूच म्हटलं, "मावशी, तू एकच बोलली होतीस."

"हा माह्या पोरीचा."

इतकी वर्षं शेजारी राहून मला माहीत नव्हतं, की मावशीला मुलगी झाली होती.

"ती बी जन्मल्यावर रडली नव्हती. मी याले म्हटलं, एकदा रडू दे, मावा जिलेबी देईन. रडली, मंदे. काय जोरात रडली! संध्याकाळी गेली." ती देवाकडेच बघत होती. "मी रडणंच मागितलं होतं. जगणं मागायचं राहून गेलं. याने आपलं काम केलं होतं वो. मीच दिलं नाही."

महाराजांनी रीतीप्रमाणे अर्धी जिलेबी देवापुढे काढून ठेवली आणि अर्धी प्रसाद म्हणून डब्यात परत घालायला लागले. मावशीने त्यांचा हात धरला.

"नको महाराज. समदी ठेवा. लय वर्षं थांबला तो."