पकडतं तेवढंच

२०२३ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. नातीच्या लग्नाची पत्रिका वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू मेधाबाईंना दिली. जिन्याखाली उभं राहून, हाक मारून. मालकानं भाडेकरूच्या दारात जायचं नाही, हा धायरीतल्या आमच्या घराचा रिवाज. बाई खाली आल्या, पर्समधून कात्री काढली, तारीख आणि कार्यालयाचं नाव तेवढं कापून ठेवलं. गणपती, सगळी भावकी आणि ठळक अक्षरातला मी, परत माझ्या हातात!

"पकडतं तेवढंच हवं, अण्णा."

हे त्यांचं पालुपद. नव्या झाडूचा दांडा त्यांनी निम्मा कापलेला. लग्नाला आल्या, अक्षता टाकल्या, मठ्ठा तेवढा पिऊन निघाल्या.

बाई संगणकावर औषधं शोधतात. मी चौथीत शाळा सोडली, पण विचारायला कुणाला भितो?

"प्रोटीनचं औषध भलंमोठं असतं, अण्णा. पोटात गेलं की पचून जातं, म्हणून सुईनं द्यावं लागतं. पण पेशीला ते पकडतं दोन-तीन टोकांनीच. तेवढीच टोकं असलेला चिमुकला रेणू आखायचा. मग गोळी चालते."

"म्हणजे वऱ्हाड घरी, नवरा तेवढा मांडवात."

"अगदी!"

त्यांची म्हातारी आई वरच असते. रोज सकाळी तिला तसल्याच औषधाची सुई. रोज ती ओरडायची, "मेले गं!" आणि बाई म्हणायच्या, "थोडेच दिवस, आई. मग गोळी." खाली माझा चहा हातातच गार व्हायचा.

दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी बाई जिन्यातच बसलेल्या.

"काय हो, किल्ली हरवली का?"

"रेणू बसला नाही. संगणकावर चपखल बसला होता. प्रयोगशाळेत चिकटलाच नाही."

"मग दुसरा करा."

"करणारच. पण बसला असता, तरी गोळी व्हायला कितीतरी वर्षं जातात, अण्णा. आईकडे तेवढी नाहीत. तिला हे कधी सांगितलंच नाही मी."

"फरशी गार हाय, उठा," एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना चढलो. वरचा मजला भाड्यानं दिल्यापासून पहिल्यांदाच. बाई सुई घेऊन उभ्या.

"अण्णा, तुम्ही वर?"

"नळ गळतोय का बघायला आलोय," म्हणालो, आणि म्हातारीशेजारी बसून हात पुढे केला. तिनं अख्खा हात घेतला नाही. एक बोट तेवढं घट्ट धरलं, सुई निघेपर्यंत.