इमामभाईंचं चिंचोक्याचं चाकलेट

इमामभाई चिंचोके विकत घ्यायचे ते दाढेनं. शेतकऱ्यानं ओंजळभर पुढे केले की त्यातला एक उचलायचा, सदऱ्याला पुसायचा, उजव्या दाढेखाली धरायचा, डोळे मिटायचे आणि डावा हात वर करायचा. हात वर आहे तोवर कुणी बोलायचं नाही. शेतकऱ्याची बायको भाकरी थापायची थांबायची, म्हातारा चिलीम तशीच हातात धरून बसायचा. "सबूर," इमामभाई दाताआडून म्हणायचे, "बी बोलेल." मग कड्‌कन आवाज व्हायचा. कधी बी फुटायचं, कधी दाढ. अशा दोन दाढा गेल्या होत्या आणि तिसरी हलायला लागली होती.

तुम्ही म्हणाल, चिंचोके कोण विकत घेतं? बरोबर आहे. नगरच्या बाजारात चिंचेला भाव, चिंचोके पोत्यानं कापडाच्या खळीसाठी गिरणीला जायचे. पण इमामभाईंना बाजारातले चालत नसत. "बाजारात दहा झाडांची खिचडी होते, मास्तर. मला एका झाडाचं बी पाहिजे." म्हणून हा माणूस उन्हातान्हात गावोगाव फिरून थेट शेतकऱ्याच्या खळ्यावरून चिंचोके आणायचा. घरी प्रत्येक पिशवीवर माझ्याकडून झाडाचा पत्ता लिहून घ्यायचा: 'केडगाव, विहिरीकडचं'. 'केडगाव, बांधावरचं, किडकं.' खेड्यातली पोरं त्यांना बघितलं की ओरडायची, "आला रं येडा रेवडीवाला!"

कारण मूळचे ते रेवडीवाले. आमच्या गल्लीत माझ्या घराला लागून त्यांचं घर, पुढच्या खोलीत दुकान. भिंतीतल्या खुंटीवर गुळाचा पाक टाकून ते तासन्‌तास ओढत बसायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात ते आणि मुलगा यासीन. दोघेही एका वळणाचे, शब्दाला पक्के. नको तितके पक्के. लढाईची भरती चालू होती तेव्हा यासीन म्हणाला, "ह्या खुंटीला जन्मभर लोंबकळायचं नाही मला." भांडण गल्लीत आलं. इमामभाई सगळ्यांदेखत म्हणाले, "जा. पण पुन्हा माझ्या रेवडीला हात लावलास तर याद राख." यासीन म्हणाला, "मेलो तरी लावणार नाही." आणि गेला तो थेट समुद्रापलीकडे.

त्यानंतर इमामभाईंनी मुलाचं नाव काढलं नाही. पत्र आलं की मात्र माझ्यापुढे आणून टाकायचे. "वाचा, तुम्हाला मोकळा वेळ असतो," जणू माझ्यावरच उपकार.

आता माझं पाप सांगतो. एका पत्रात यासीननं लिहिलं होतं, 'इथं चाकलेट म्हणून काळी वडी मिळते. शेंगेतल्या बिया भाजून करतात म्हणे. फार चांगली लागते.' इथं थांबावं की नाही? पण मास्तर माणूस, समजावल्याशिवाय घास उतरत नाही. मी म्हणालो, "शेंग म्हणजे आपल्या चिंचेसारखीच हो. तोच गर, तेच बी." मला काय ठाऊक होतं? चाकलेट मी बापजन्मात पाहिलेलं नव्हतं. इमामभाई मान हलवत गेले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पिशवी घेऊन केडगावच्या वाटेला लागले. ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

मग सुरू झालं. चिंचोके वाळूत भाजायचे, टरफलं काढायची, उखळात कुटायचे, जात्यावर दळायचे, गूळ-तूप घालून वडी थापायची. चाखायला मी, शेजारधर्म. पहिली वडी शाळेला जाताना तोंडात टाकली ती मधल्या सुट्टीपर्यंत सुटली नाही. वरचे दात खालच्यांना चिकटलेले. त्या दिवशी पाढे पोरांनीच म्हटले, मी नुसती छडी हलवत होतो. संध्याकाळी इमामभाईंनी विचारलं, "कशी होती?" मी म्हणालो, "टिकाऊ."

असं वर्षभर चाललं. मधल्या काळात एका पुस्तकात मला चाकलेटचं झाड सापडलं. ते झाड वेगळं, देश वेगळा, चिंचेशी काडीचा संबंध नाही. माझं धाबं दणाणलं. सांगावं तर म्हाताऱ्याच्या दोन दाढा माझ्या खात्यावर. न सांगावं तर तिसरी हलतेय. मी भेकडासारखा गप्प बसलो.

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात पत्र आलं: 'हाताला लागलं म्हणून देशातल्या इस्पितळात आणलं आहे. आठ दिवसांची सुट्टी मिळते आहे. मंगळवारी येतो. घरी उतरू की नको, कळवा.' इमामभाईंनी खुंटीवरचा पाक उतरवून ठेवला. मग म्हणाले, "लिहा, ये म्हणून. आणि शाळेत दोन दिवसांची रजा टाका. खर्ड्याला जायचंय. तिथलं झाड राहिलंय."

खर्डा म्हणजे काय जवळ आहे? कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार, चढ आला की सगळ्यांनी खाली उतरून ढकलायची. ढकलता ढकलता मी ठरवलं, आज सांगून टाकायचं. पण किल्ल्याजवळ, इमामभाईंनी सांगितलेल्या शेतात पोचलो तर झाडाच्या बुंध्याशी दोघंजण कुऱ्हाडी घेऊन उभे. एक घाव पडलेलासुद्धा होता. शेताचा मालक गेनू म्हणाला, "कोळशाला इकलंय. सावलीखाली काय उगवत न्हाई. तुमी उशिरा आलात."

"अजून शेंगा आहेत वर. तेवढ्या झोडपू द्या," इमामभाई म्हणाले.

"लारी थांबलीय," कुऱ्हाडवाला म्हणाला. "सरका."

इमामभाई सरकले नाहीत. पडलेल्या घावाला पाठ लावून खाली बसले. कुऱ्हाडवाल्यानं गेनूकडे बघितलं, गेनूनं माझ्याकडे. शिकवण्याखेरीज मला काही येत नाही आणि तिथं शिकण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. गेनूनं इमामभाईंचं मनगट धरलं. ओढणार, तेवढ्यात त्याची म्हातारी आई डोळ्यांवर हात धरत बांधावरून आली.

"जत्रंतले रेवडीवाले न्हवं का तुमी? हितंच दुकान मांडायचा. आन् ते बारकं पोरगं कुठं हाय? समदे चिंचोके भाजून खायाचं माज्या चुलीत."

"लढाईवर," इमामभाई म्हणाले. "मंगळवारी येतंय."

म्हातारीनं गेनूच्या हाताकडे बघितलं. "सोड त्यास्नी. आदी चिंच झोडपा, मग काय त्ये तोडा. लारीला काय, हुबी ऱ्हाईल."

झोडपली. कुऱ्हाडवाल्यांनीच बांबू घेतले. म्हातारी, इमामभाई आणि मी चिंचा फोडत बसलो आणि मी मनाचा हिय्या करून सगळं सांगितलं. चाकलेट चिंचेचं नसतं, मी थाप मारली, तुमच्या दाढा माझ्यामुळे गेल्या.

इमामभाईंनी चिंच फोडायचं थांबवलं नाही. "ठाऊक आहे, मास्तर. त्याच्या पुढच्याच पत्रात चाकलेटच्या वडीचा कागद होता. तुम्ही वाचत होतात तेव्हा मी चाटून बघितला. आपल्या चिंचोक्याचा आणि त्याचा सात पिढ्यांत संबंध नाही."

मला राग आला, खरं सांगतो. "मग वर्षभर माझे दात कशाला चिकटवलेत?"

"गल्लीसमोर बोलून बसलो ना, रेवडीला हात लावू नको म्हणून. पोरगं घरात आलं तर हातात काय देऊ? काहीतरी नको का घरात, रेवडी नसलेलं?"

मी पुढची चिंच फोडायला घेतली. आमच्या मागं झाडावर पुन्हा घाव पडायला लागले.

मंगळवारी यासीन आला. डावा हात गळ्यात बांधलेला, अंगानं निम्मा झालेला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. गल्ली दारादारांत येऊन उभी. इमामभाईंनी बशी पुढे केली. "चाकलेट आहे," ते म्हणाले. एवढंच.

यासीननं वडी तोंडात टाकली. इमामभाईंचा डावा हात आपोआप वर गेला आणि अख्खी गल्ली चिडीचूप झाली. पोरगा चावतोय, आम्ही त्याच्या जबड्याकडे बघतोय. आता हा थुंकला तर सगळंच संपलं, असं वाटलं.

"अब्बा," तो कसाबसा म्हणाला, "हा चिंचोका आहे."

"हां."

"खर्ड्याचा?"

"हां."

त्यानं गिळायला बराच वेळ घेतला. मग आत आला, मागोमाग मीही शिरलो. तो खुंटीखालच्या परातीजवळ बसला. ताज्या रेवड्या होत्या. त्यांच्याकडे बघत म्हणाला, "तोंड फार कडू झालं. पण मी कसम खाल्लीय, हात लावणार नाही. तुम्हीच घाला तोंडात."

इमामभाईंनी रेवडी उचलली. तिचे सुटे तीळ परातीत झटकले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्तर, तुम्ही जरा बाहेर व्हा."

मी बाहेर झालो आणि दार ओढून घेतलं.