जाड मुठीचा चमचा

प्रमिलाकाकूंच्या घरी चहा दोन कानांच्या कपातून मिळतो. तुम्ही कोण आहात याला तिथे महत्त्व नाही. मीटर वाचायला आलेला माणूस असो की पत्रिका द्यायला आलेले व्याही, कप दोन्ही हातांनी धरायचा आणि बाळासारखं समोर बघत प्यायचा. नवा माणूस कपाकडे जरा निरखून पाहू लागला की काकू म्हणतात, "घ्या नं. आपल्या घरी वेगळं काही नाही."

आमच्या ले-आउटमधल्या सगळ्या घरांना हे वाक्य पाठ आहे. त्यामागे आहे त्यांची नात रिद्धी. पोरगी नऊ वर्षांची, डोकं तल्लख, जीभ त्याहून तल्लख. फक्त बोटं जन्मापासून सांगितलेलं काम आपल्या सवडीनं करतात. सदर भागातल्या थेरपीवाल्या मॅडमनी सांगितलं, की जाड मुठीचा चमचा, दोन कानांचा कप, ताटाखाली न घसरणारी चटई, बटणांऐवजी चिकटपट्टी एवढं द्या, पोर आपल्या हातानं सगळं करेल. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की हिचे आईबाबा धरून आम्ही घरात पाच माणसं आहोत, पाचही जणांना मिळेल ना? मॅडमना वाटलं, सगळ्या घरालाच त्रास आहे. त्या बिचाऱ्या वही काढून एकेकाचं वय विचारू लागल्या.

मॅडमकडे एकेक वस्तू मिळत होती, पण काकूंना एकेक नकोच होती. मग त्यांनी स्वतःच सदर ते इतवारी बाजार पालथा घातला. भर उन्हात, डोक्याला दुपट्टा बांधून. सायकलच्या दुकानात शिरून त्यांनी हँडलच्या रबरी मुठी मागितल्या. दुकानदारानं सवयीनं विचारलं, "कोणत्या सायकलले लावाच्या आहेत काकू?"

"चमच्याले," काकू म्हणाल्या आणि भाव करायला बसल्या.

मुठीत चिंध्या ठासून चमचे बसवले गेले. आठवडाभरात अख्खं घर बदललं. काका म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, कडक इस्त्रीचे. त्यांच्या सदऱ्यांची बटणं काढून टिचबटणं लागली, बुटांच्या नाड्या जाऊन चिकटपट्ट्या आल्या. पंधरा ऑगस्टला ले-आउटच्या झेंड्यापुढे बोलताना काकांनी देशाच्या नावानं छाती फुगवली आणि वरून खालपर्यंत टिचबटणं पटापट सुटली. टाळ्या त्या वर्षी जरा जास्तच पडल्या. काकांनी घरी येऊन निषेध नोंदवला, तो त्याच जाड चमच्यानं वरणभात खाता खाता.

मीही सुटलो नाही. मी त्यांचा शेजारी, दिवसातून एकदा तरी तिथे चहाला असतो, म्हणजे घरचाच. माझ्या पेनाला त्यांनी पाइपचा तुकडा चढवून दिला. आधी लाज वाटायची. आता बँकेत कुणी साधं पेन दिलं की माझी सही जुळत नाही.

हे सगळं झकास चाललं होतं. रिद्धी आपल्या हातानं जेवायची, सांडायची, पुन्हा उचलायची, आणि जेवता जेवता आम्हा सगळ्यांच्या चुका काढायची. मग कन्हानला काकूंच्या भाचीचं लग्न निघालं. बुफे ठरलेला होता, पण काकूंनी मांडी घालून बसायच्या पंगतीचा हट्ट धरला आणि रिद्धीच्या अख्ख्या ओळीला पुरतील एवढे जाड चमचे पिशवीत भरले.

रिद्धीनं ती पिशवी पाहिली.

"आजी, मले माझ्या एकटीचा चमचा पाहिजे," ती म्हणाली. "लाल. घरात सगळेच माझ्या चमच्यानं जेवून राहिले. माझं काही आहेच नाही."

काकू नाही म्हणाल्या. रिद्धीनं लग्नाला येणार नाही म्हणून जाहीर केलं आणि खोलीत जाऊन बसली. मला हसू आलं होतं, पण संध्याकाळी काकू आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहून ते जिरलं. चहा नको म्हणाल्या. हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो.

"माझ्या माहेरी, कुहीले, माझा भाऊ होता गा, दामू," त्या म्हणाल्या. "त्याचेही हात असेच. त्याचं ताट वेगळं, वाटी वेगळी. पाहुणे आले का आई म्हणे, दामूचं ताट मागच्या अंगणात नेऊन दे. मीच नेऊन देत होती. तो कधी पंगतीत बसला नाही. वारला तोवर नाही बसला. या पोरीले वेगळा चमचा दिला, अन् उद्या कोणी वेगळं बसवलं तं?"

मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "दामूनं कधी काही मागितलंच नाही. ही तं मागून राहिली." आणि उठून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी आजी-नात बाजारात गेल्या. चमचा रिद्धीनं निवडला, भडक लाल मुठीचा. काकूंनी भावही केला नाही.

कन्हानला गाडी माझी, म्हणून मीही होतो. पंगत बसली. रिद्धी कुणी सांगायच्या आत ओळीच्या मधोमध जाऊन बसली, पर्समधून चमचा काढला आणि वडाभातावर तुटून पडली. थोडा भात सांडला. पंगतीत तसा तो सगळ्यांचाच सांडतो. शेजारी नवरदेवाकडच्या वऱ्हाडातली एक मुलगी होती. तिचं जेवणात लक्षच नव्हतं. शेवटी तिनं हात पुढे केला आणि म्हणाली, मले दे ना थोडा वेळ.

"नाही," रिद्धी तोंडातला घास संपवून म्हणाली. "हा माझा आहे. तुले पाहिजे तं माझ्या आजीले माग, तिच्यापाशी पिशवीभर आहेत."

मी समोरच्या ओळीत होतो आणि काकू मला कढी वाढत होत्या. वाटी भरली. कढी ताटात आली, भातात गेली, जिलबीपर्यंत पोचली. काकू रिद्धीकडे बघत होत्या आणि ओतत होत्या. मी हात आडवा केला नाही.