सोनाजीमामा आणि कोल्ड रूम

सोमवारी सोनाजीमामा वारले. मंगळवारी कोल्ड रूमची किल्ली माझ्याकडे आली.

मामा आमच्या प्रयोगशाळेतले सहायक. कोल्ड रूममध्ये बारा महिने चार अंश. म्हणून औरंगाबादच्या भर मे महिन्यातही मामा फुलंब्रीच्या बसमधून खांद्यावर घोंगडी टाकून उतरत. कंडक्टर विचारी, "मामा, थंडीताप हाय का?" मामा म्हणत, "नाय, नोकरी हाय."

आमचं काम पेशीच्या आवरणात, चरबीत रुतून बसलेलं प्रथिन बाहेर काढण्याचं. ते नुसत्या पाण्यात उतरत नाही. सौम्य डिटर्जंटनं सोडवावं लागतं. मामा त्याला साबणच म्हणत. यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता. नळी हातात धरून तासभर हळूहळू उलटीपालटी करीत. कुणी जोरात हलवून फेस काढला की ओरडत, "दमानं! जीव हाय त्यात!"

पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षी माझ्याकडे पेशींचा एकच साठा उरला होता. नवा वाढवायला वेळ नव्हता. प्रथिन सुटलं, मी ते धुवायला घेतलं, आणि धुण्याच्या पाण्यात डिटर्जंट घालायचा विसरले. नळीत पांढरे गोळे झाले; प्रथिन वाया गेलं. मी तिथंच खाली बसले.

मामांनी नळी उजेडात धरली. "साबण नाय घातला?"

"विसरले, मामा."

"मेंढरू कळपातून काढलं की बिथरतंय, ताई. शेवटपर्यंत संगं कुणीतरी लागतंय त्याला."

मग त्यांनी फ्रीजरच्या तळातून एक डबा आणला. "तुमच्या साठ्यातला निम्मा काढून ठेवलाय. पहिल्या खेपंला समदेच मारतात. तुमच्या गाईड मॅडमनीबी मारलंय."

"आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर ह्योबी घालवला असता."

त्या डब्यातून पुन्हा सुरुवात केली, आणि चौथ्या दिवशी शुद्धता तपासायच्या जेलवर एकच निळी रेघ उमटली. वर काही नाही, खाली काही नाही; म्हणजे प्रथिन अगदी शुद्ध. मॅडमनी मला मिठी मारली. मामांनी जेलचा ट्रे उचलला आणि घोंगडीसकट सगळ्या विभागातून मिरवला. वनस्पतिशास्त्राच्या सरांना वर्गातून बाहेर बोलावलं. "मोजा, सर! एकच हाय!"

संध्याकाळी मी पेढे घेऊन गेले, तर मामा एकटेच बसून ते प्रथिन बारक्या नळ्यांत भरत होते.

"बस चुकेल, मामा."

"चुकू द्या. घरी कोण बसलंय वाट बघत?" ते म्हणाले आणि पुढची नळी उचलली.

त्यातल्या सात नळ्या अजून फ्रीजरमध्ये आहेत.