बेबीमावशीचा गूळ

बेबीमावशी माणसाचं तोंड नंतर पाहते, आधी नखं पाहते. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं नेलकटर असतं. मारेगावजवळच्या आमच्या गावात ती अंगणवाडीची मदतनीस, आणि मी शेजारच्या शाळेत मास्तर. रुजू व्हायला आलो त्या दिवशी मी नमस्कार केला, तर तिनं माझे जोडलेले हात सोडवून उलटेपालटे करून पाहिले.

"सर, नखात वावर घेऊन फिरता का?"

वाटेत मोटरसायकलची चेन पडली होती, हे सांगायला तिनं मला सवडच दिली नाही. नेलकटर निघालंसुद्धा.

एका लग्नात तिनं नवरदेवाचा हात धरला. आहेराचं पाकीट देत असेल, असं वऱ्हाड्यांना वाटलं. तिनं भर मांडवात त्याची दहाही नखं कापली आणि म्हणाली, "नवरीच्या घासात हाच हात जाईन ना बाप्पा."

ज्याच्या संडासात जळणाच्या तुराट्या रचलेल्या दिसतात, त्याच्या घरी ती चहा घेत नाही. अनवाणी पोरगं दिसलं की त्याला कडेवर घेऊन घरी पोचवते, आणि मग त्याच्या आईला बोलते. गाव तिला हसतं. मीही हसायचो.

मग आमची छकुली चार वर्षांची झाली आणि वाळायला लागली. पोट तेवढं पुढं आलं. भिंतीचे पोपडे काढून खायची. जंत झाले, हे आम्हालाही कळत होतं. त्यावर आमच्या घरचं पिढीजात औषध एकच: गोड बंद. बायकोनं गुळाचा डबा माळ्यावर टाकला. मीही काही बोललो नाही, आणि मी मास्तर.

मावशी घरी आली ती थेट चिडलेली. "काहून बंद केला गूळ? गुळानं जंत होत असते तं मुंग्या कवाच्याच मेल्या असत्या. मातीचे हात तोंडात जाते, तिथून होते ते." तिनं छकुलीची नखं कापली, साबणानं हात धुतले आणि आम्हाला सोबत घेऊन उपकेंद्रात गेली. सिस्टरनं तपासून गोळी दिली. मावशीनं छकुलीला ती समोर चावून खायला लावली, आणि पदराची गाठ सोडून गुळाचा खडा तिच्या तळहातावर ठेवला.

"मावशी, जंताच्या गोळीवर गूळ?" मी थट्टेनं म्हणालो.

ती पायरीवर बसली. गाठ पुन्हा बांधता बांधता सांगू लागली.

"माही सुमी एवढीच होती, सर. पोट फुगलं, तं मीबी गूळच बंद केला. डब्बा फळीवर ठेवला. ते हात वर करून मांगत राहे, अन् मी हातावर मारत राहो. एक दिवस आतडंच अडकलं. यवतमाळले नेता नेता गेली." तिनं गाठ घट्ट ओढली. "त्या हातावर लय मारलं मी. धुतले मात्र कधी नाही."

इतकी वर्षं मी या बाईला हसत होतो, याची लाज वाटली.

छकुलीनं खडा संपवून हात पुन्हा पुढं केला. मी तिला मागं ओढणार होतो. मावशीनं तो हात धरला, नेहमीसारखा उलटापालटा करून पाहिला, आणि पदराची गाठ परत सोडली.